फितीचं दुसरं टोक

अर्जात सहावा रकाना होता: मूळ गाव.
पैडम्मानं तो कोरा सोडला.
"रंगून लिहू की भुसावळ?" तिनं मलाच विचारलं.
मी क्रीडा मंडळाचा कारकून, पगार एकशे साठ,
लाल शाईत लिहून टाकलं: परप्रांतीय. अपात्र.
एकाहत्तरचा मे.
शाई टिपायला टीपकागद लागत नव्हता,
असलं ऊन.

बाप लोको शेडात राख उपसायचा.
जहाजातून उतरले तेव्हा जवळ एक पत्र्याची ट्रंक
आणि वेताचा पोकळ चेंडू, ज्यातून वारासुद्धा न अडखळता जाई.
मराठी ती शिकली केळीच्या वॅगनी भरणाऱ्या बायांकडून,
म्हणून शिव्या आधी आल्या,
क्रियापदं मागाहून.

भाला कसला, बांबूच.
टोकाला घासून आणलेला रुळाचा खिळा.
पहाटे, पॅसेंजर यार्डात शिरायच्या आत,
ती रेल्वेच्या मैदानावर धावत यायची
आणि सोडायची.
बांबू हवेत आधी थरथरे,
मग जणू काही आठवल्यासारखा सरळ होई,
आणि काळ्या मातीत उभा.
मी सायकलवरून एक पाय टेकवून बघत असे.
हे आजवर कुणाला बोललो नाही.

तीन वर्षं तिचा अर्ज, तीन वर्षं माझी शाई.
चौथ्या वर्षी तिनं टेबलावर अर्ज नाही,
मोजायची फीत आपटली.
"चल. धर."
मला भोकापाशी उभं केलं, शून्याचं टोक हातात दिलं.
दुसरं टोक घेऊन ती रेषेकडे चालत गेली,
चालतच राहिली.
छत्तीस मीटर, वर चार बोटं.
तिथून ओरडली,
"आता त्या भोकाला विचार, कुठून आलास!"

मग पुणे, कटक, जालंधर.
पेपरात हरली की मद्रासी,
तिसरी आली की बर्मी,
सुवर्ण मिळालं त्या दिवशी खान्देशकन्या.
ती कात्रणं तिनं ट्रंकेत ठेवली नाहीत,
फोडणीच्या डब्याखाली अंथरली.

खांदा निखळला तेव्हा वाटलं, संपलं.
पण ती सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन
ज्वारी राखणारी रेलू पावरा घेऊन आली,
गोफणीनं उडता राघू चुकवणारी,
मुद्दाम चुकवणारी.
खडका रोडची शमीमा आली, सलवारीतच धावणार म्हणाली.
जिनिंगमध्ये कोपरापर्यंत हात गेलेली इंदुबाई आली,
उरलेल्या हातानं गोळा फेकणारी.

सभेत अध्यक्ष म्हणाले,
अशा मुलींसाठी वेगळी सोय बघू.
पैडम्मा म्हणाली, "वेगळं मैदान?
भुसावळात जमीन स्वस्त झाली का, साहेब?
हिच्यासाठी फीत लांबते की आखडते, तेवढं सांगा."
इतिवृत्तात अशा वेळी मी लिहायचो: चर्चा झाली.
त्या दिवशी शब्दन् शब्द लिहिला.
एक शिवीही होती. तीसुद्धा.

नवे अर्ज छापायला गेले
तेव्हा खिळे जुळवणाऱ्याला मी हळूच म्हटलं, सहावा काढ.
त्यानं काढला.
आकडे बदलायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.
अजून आमच्या अर्जात
पाच: जन्मतारीख, आणि मग थेट
सात: खेळाचा प्रकार.
पोरं विचारतात, सहावं काय होतं?
छपाईची चूक, मी सांगतो.

माफी मी मागितली नाही.
ती मागायला लावणाऱ्यांतली नव्हती.
निवृत्तीच्या दिवशी पेढा हातावर ठेवत
अहिराणीत म्हणाली, "कोठला शे रे तू?"
चौतीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेला मी
पारोळा म्हणता म्हणता थांबलो.

ती हसली नाही.
मैदानावर रेलूची पोरगी धाव घेत होती.
फीत गुंडाळलेली माझ्या खिशात,
आणि ती म्हणत होती, "जा लवकर,
तिकडं पडेल."