उणे एकोणीसशे वीस

तुर्भ्याच्या मसाला बाजारात कॉम्प्युटर उघडायचा
म्हणजे आधी नाकाला रुमाल.
पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर,
खाचाखोचांत मिरचीची पूड,
आणि मी शिंकायला लागले की
गाळ्यातले माथाडी हसतात,
"घरतबाई आल्या, मशीनला सर्दी झाली."

त्या दिवशी मशीन ठणठणीत होतं.
टिपणीसांना वेगळंच हवं होतं.
"सकाळी चालू केलं की
भाव, गेटपास, खातेवही, तिघी
एकमेकींच्या अंगावर पडतात,
रोज नव्या जागी. मी शोधत बसतो."
मग शेठ आत फोनवर आहेत हे बघून,
आवाज उतरवून:
"उजव्या डोळ्यात मधोमध डाग आहे.
डाव्यातही आता सुरू झालाय.
कडेचं दिसतं.
मधलं मी पाठ करून ठेवलंय."

त्यांनी गाळ्याकडे बोट केलं.
"जिरं दाराशी, धणे खांबापाशी,
बडीशेप काट्याच्या मागे.
लाइट गेली तरी हात बरोब्बर पोत्यावर पडतो.
तसं करता येईल का याचं?"

येतं करता.
चार आकड्यांचं काम:
डावीकडून किती, वरून किती,
रुंदी, उंची.
भाव शून्य-शून्यवर.
गेटपास खाली उजव्या कोपऱ्यात.
खातेवही डावीकडच्या दुसऱ्या स्क्रीनवर,
उणे एकोणीसशे वीस.
"उणे? म्हणजे देणं?"
"नाही हो, मुख्य स्क्रीनच्या डावीकडे मोजलं की उणे येतं."
"आमच्यात उणे आलं की पार्टीला फोन लावतात."

खातेवही मुळात आळशी.
तिला जागेवर बसवायचं
तर ती उठेपर्यंत थांबायला हवं,
नाहीतर हुकूम सुटतो
आणि ऐकायला कुणीच नसतं.
दहा सेकंद कमी पडले.
अकरा लिहिले.

गणपतीनंतर फोन आला.
"खातेवही उघडते, खालच्या पट्टीत नाव येतं,
पण बाई, ती आहे कुठे?"
जाऊन बघते तर डावा स्क्रीन गायब.
शेठच्या भाच्याने उचलून नेलेला
सानपाड्याच्या नव्या ऑफिसात.
टेबलावरच्या धुळीत
त्याच्या बुडाचा स्वच्छ चौकोन.
आणि खातेवही बिचारी
सांगितल्याबरहुकूम रोज
उणे एकोणीसशे वीसवर उघडत होती,
म्हणजे भिंतीत,
कॅलेंडर आणि फ्यूजच्या डब्याच्या मधे कुठेतरी,
अख्ख्या बाजाराची उधारी पसरून.
टिपणीस तिकडेच तोंड करून बसलेले.

बाणाचं बटण दाबत दाबत
मी तिला भिंतीतून बाहेर काढली.
आधी एक कड आली, मग रकाने,
मग वाशीच्या कुणा बेकरीवाल्याचं नाव.
"इकडचे आकडे देते हिला. थोडी अरुंद होईल."
"होऊ दे. मला कडच लागते."

यंदा नवं मशीन आलं.
खातेवही दोन सेकंदांत हजर.
मी अकरा खोडून दोन केले.
टिपणीसांनी बंद-चालू करून पाहिलं,
पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाले, "अकराच ठेवा."
"का? मशीन फास्ट आहे आता."
"मी चष्मा पुसतो तेवढ्यात."

मी पुन्हा अकरा लिहिले.
त्यांनी बटण दाबलं, चष्मा काढला,
शर्टाच्या टोकाने डावी काच पुसली,
मग उजवी,
तीही तेवढीच जपून.
मी मनात मोजत होते.
नवाला पुसून झालं.
उरलेले दोन सेकंद ते
हात मांडीवर ठेवून नुसते बसले,
आणि ती आली,
तिच्या जागी.

बिलावर काय लिहावं सुचेना.
"किरकोळ" लिहिलं.
शेठने त्यातलेही पन्नास कापले.