आज बोट नाही

भिंतीवर चार्जर बसवून अकरा महिने झाले.
त्याचा हिरवा दिवा रात्रभर जागा असतो,
पाहुणा येणार म्हणून कडी न लावलेल्या घरासारखा.
नाल आधी ठोकली,
घोडा अजून समुद्रापार.

गाडी मार्चमध्ये येणार होती.
मग मेमध्ये. मग "उन्हाळ्यात",
आणि स्ट्रॉन्से बेटावर उन्हाळा म्हणजे
कुठला तरी एक मंगळवार.
मग कुठे एक चिप अडली, कुठे एक जहाज,
मग मी मागितलेला निळा रंगच
कारखान्याने बंद केला.
करडा चालेल का?
चालेल म्हटलं. डोक्यावर वर्षभर तोच असतो.

जुनी डिझेल मी एप्रिलातच विकून बसलो,
शाळामास्तरणीच्या पोराला, पडत्या भावात.
आता पीठ, कोळसा, गुडघ्याच्या गोळ्या
मॅन्सी इझ्बिस्टरच्या ट्रॅक्टरमधून येतात.
"आली का राणीसाहेब?" तो विचारतो.
हसत नाही. तेच जास्त लागतं.

टेकडीवर पवनचक्की फिरतेच आहे.
वारा फुकट, वीज उतू जाते,
प्यायला दारात कुणी नाही.

दर गुरुवारी ॲबर्डीनहून फोन येतो.
मुलीचं नाव शोना.
"मिस्टर हारकस, परिस्थिती आमच्या हातात नाही,
पण तुमची ऑर्डर आमच्यासाठी महत्त्वाची आहे."
पहिल्यांदा मी ओरडलो. दुसऱ्यांदाही.
चौथ्या की पाचव्या वेळी
वाक्य ओळखीचं वाटलं.
आवाज कुठे उतरवायचा,
कुठे जरासं थांबायचं,
कुठे माणसाकडे न बघता कागदाकडे बघायचं
(फोनवरूनही ते ऐकू येतं)
हे सगळं माझंच होतं.

एकतीस वर्षं मी धक्क्यावरच्या कचेरीत
खिडकीमागे बसलो.
काळा फळा, ओला खडू, तीन शब्द:
आज बोट नाही.
वारा माझ्या हातात नाही, म्हणायचो,
आणि नव्हताच.
लोक लग्नाला निघालेले असत,
कुणी वासरू घेऊन, कुणी दात दुखतो म्हणून
गालाला मफलर बांधून.

एकदा थॉर्फिन रेंडल आला.
भाऊ किर्कवॉलच्या इस्पितळात.
तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "उद्या?"
"उद्या बघू," मी म्हटलं.
हवामानाचा कागद समोर होता माझ्या,
शनिवारपर्यंत काहीही नव्हतं.
पण उद्या म्हटलं की माणूस
खिडकीपासून बाजूला होतो.
तो बाकावर बसून राहिला, टोपी गुडघ्यावर.
पाचला मी खिडकी लावून घेतली.

भाऊ शुक्रवारी गेला.
थॉर्फिन पुढेही माझ्याकडूनच तिकीट काढायचा,
सुटे पैसे मोजून,
त्याबद्दल चकार शब्द नाही.

गाडी म्हणजे भाऊ नव्हे, कळतं मला.
गाडी म्हणजे चार चाकं
आणि मी भरलेली अनामत.

तरी या गुरुवारी शोना म्हणाली, "ऑक्टोबर,"
तेव्हा मी विचारलं,
"पोरी, समोर कागद आहे ना?
त्यावर काय लिहिलंय?"
बराच वेळ नुसती खरखर.
मग हळूच, जणू मागे कुणी उभं आहे:
"तारीखच नाही हो. रिकामी चौकट आहे."
"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं.
बरं का वाटलं, मला विचारू नका.
"तुम्ही ऑर्डर रद्द करणार?"
"छे. दिवा लागलाय."

दुपारी मॅन्सीला हाक मारली,
वाटेत रेंडलांकडे थांब म्हटलं.
थॉर्फिन आता ब्याण्णव वर्षांचा.
चुलीपाशी घोंगडी, कुत्रं, रेडिओ,
भाच्याने दार उघडलं.
काय बोलायचं ते मी जुळवून आणलं होतं,
ट्रॅक्टरच्या खडखडाटात सगळं सांडलं.

त्याने मला ओळखलं. म्हणजे, खिडकीमागचा मला.
"आज बोट आहे का?"

मी काचेपाशी गेलो,
तळहाताने वाफ पुसली,
आणि उत्तर देण्याआधी
समुद्राकडे नीट पाहिलं.