खुडूक

कूलर जुनाच. मोटार जळाली तेव्हा
भंगारवाल्यानं दोनशे म्हटले, मी नाही दिला.
आता तो मागच्या अंगणात आडवा पडलाय,
पेरूच्या बुडाशी, टाकीच्या सावलीत,
आणि ज्या वाळ्यातून सात उन्हाळे मला वारा आला
त्याच्यावर चार कोंबड्या अंडी घालतात.

पाचवा कोंबडा होता. त्याला निलंग्याला धाडलं.
बिराजदार सर भिंतीवरून म्हणाले होते,
"सिस्टर, पहाटं साडेतीनला वरडायलंय ओ ते,
माझं बीपी वाढायलंय."
बीपी त्यांचं मीच मोजते, दर सोमवारी.
वाढलं होतं खरंच.
टोपलीखाली झाकूनही पाहिला दोन रात्री;
म्हण खरी आहे, एवढंच कळलं.

एकतीस वर्षं उपकेंद्रात गेली.
बाळंतपणं किती, ते रजिस्टरं सांगतील,
वाळवीनं ठेवली असतील तर.
सवयी तेवढ्या माझ्याबरोबर लातूरला आल्या:
मानमोडीची लस थर्मासात बर्फ घालून आणते,
तारखा कॅलेंडरवर लिहिते,
गॅसच्या तारखेशेजारी.

एप्रिलात भुरी खुडूक बसली.
उठवली की फुगायची, चोच मारायची, परत बसायची.
खाली काय, तर एक गोटा
आणि दोन अंडी, ज्यांत काहीच होणार नव्हतं.
लोक सांगतात, पाण्यात बुडवा,
पाटीखाली उपाशी कोंडा, उतरतं खूळ.

एका वस्तीवर अशी बाई होती.
पोटात काही नसताना सात महिने
कंबरेला हात लावून चालायची.
तिचंही असंच उतरवलं घरच्यांनी.
मी नवीन होते.
बीपी लिहून घेतलं आणि बस पकडली.

भुरीला मी बुडवलं नाही.
बाजारातून हमीदाबीकडून नऊ अंडी आणली.
"कोंबडा आहे ना घरी?" विचारलं तर म्हणाली,
"दोन हैत. एक बाजंवर पडूनय."
रात्री एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं.
तिनं चोच मारली नाही.
हात तिथंच राहू दिला थोडा वेळ.
एवढी ऊब मी फक्त टाळूला पाहिलीय,
नाळ कापायच्या आधी.

एकवीस दिवस. पारा त्रेचाळीस.
नळ दहाव्या दिवशी;
आधी तिचं भांडं, मग माझी आंघोळ.
लाईट गेली की वर ओलं पोतं टाकायचं,
म्हणजे शेवटी त्या कूलरनं कूलरचंच काम केलं.
आठव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरली:
सातांत जाळं धरलेलं, लाल, केसाएवढं.
दोन कोरी.

सर अंडं खात नाहीत. बघायला काय होतंय, म्हणाले,
आणि अठराव्या दिवसापासून भिंत सोडेनात.
"झालं का हो?"
"कळा आहेत," मी म्हटलं.

एकविसाव्या पहाटे टकटक, आतून.
दुपारपर्यंत सहा बाहेर, ओली, कुरूप,
मग अर्ध्या तासात कापसासारखी.
सातव्यानं टवका पाडला आणि थांबलं.
दोन तास वाट पाहिली.
मग राहवेना, नखानं सोललं.
सोलायला नको होतं, की आधी सोलायला हवं होतं,
हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.
पेरूखाली पुरलं.
कॅलेंडरवर सहा लिहिलं. खोडलं.
जन्म सात, जिवंत सहा.

संध्याकाळी भुरी त्यांना घेऊन
फरशीवर उकरायला शिकवत होती,
उकिरडा नसलेल्या अंगणात.
सरांनी दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली.
"यात कोंबडे किती? आत्ताच सांगा, सिस्टर."
"सर, इथं लिंगनिदान केलं जात नाही."

हसले.
मग हसायचे थांबले, कान पुढं केला,
आणि बराच वेळ ऐकत राहिले,
सहा चिवचिवांत
एखादी जाड आहे का.