सांधा

दगड जर्मनीचा आहे, असं वहीत लिहिलंय.
पिवळसर, चार बोटं जाड,
दोघांनी उचलायचा.
मी एकटाच उचलतो
आणि रात्री बायकोकडून कंबर शेकून घेतो.

बडोद्यात आमच्या खात्यात असे एकवीस.
प्रत्येकाच्या पोटात कुणाचं ना कुणाचं चित्र,
मी पुसलेलं.
पाणी, पूड, वर लोखंडी चकती,
हात इंग्रजी आठासारखा फिरवत राहायचा.
एकतीस वर्षं.

एस्तेर उजगरे राहायची फतेहगंजला, चर्चच्या मागे.
म्हणाली, काका, मला कुस्ती काढायचीय.
म्हटलं, आखाडा दांडिया बाजारात.
गेली.
महिनाभर तांबड्या मातीच्या काठाशी बसून राहिली.
पोरं आधी लाजली, मग विसरली.

तिच्या याकोबाला पाय आले ते पोपट निंबाळकराचे,
आणि देवदूताला कान आला
मोडका, फुगलेला, वीस वर्षं मातीत घासलेला.
पंख नाहीत.
विचारलं तर म्हणाली,
पंख लावून कुस्ती होत नाही, काका.
मागची नदी शास्त्रातली,
काठावर झोपलेली मगर मात्र आपल्या विश्वामित्रीची.

पाच रंग. पाच दगड.
तेलकट जागा शाई धरते, ओली जागा धरत नाही,
आमचा सगळा धंदा या एका भांडणावर उभा.
पिवळा बसला, ती पहाट.
तांबडा बसला, ती माती.
मग करडा, अंगावरचा घाम.
चौथा निळा.
हवा दमट, कागद वाढलेला,
निळा सरकला.

एक सूत.
नेमका याकोबाच्या कमरेखाली.
मांडी इथं, मांडीची सावली तिथं,
मध्ये कोऱ्या कागदाची फट.

सुई मी लावली होती.
म्हटलं, फाडून टाक, दुसरा घेऊ.
ती बघत राहिली. चहावर साय आली.
मग त्या फटीवर बोट ठेवून म्हणाली,
इथंच लागला होता त्याचा हात.
रात्रभर झुंजूनही हा सुटेना,
तेव्हा त्यानं फक्त इथं बोट टेकवलं.
सांधा निखळला. जन्माचा लंगडा.
मला पेन्सिलनं जमत नव्हतं ते.

आता सगळे असेच चुकवा, म्हणाली.

चूक पुन्हा करणं सोपं नसतं.
पहिली फुकट होते,
दुसरीला सुई मोजून लावावी लागते.
त्या रात्री आम्ही अठरा याकोब लंगडे केले,
एकेक, सारखे.
काळा उतरला तेव्हा खिडकीत उजाडत होतं,
पलीकडे सेव-उसळवाल्याची भट्टी पेटली होती.

ती खाली बसून आकडे घालू लागली,
एक भागिले अठरा, दोन भागिले अठरा.
मग मान वर करून :
काका, तुमचं पूर्ण नाव काय?
छापणाऱ्याचं नाव कोपऱ्यात लिहिते.

एकतीस वर्षांत सगळ्यांचं काका म्हणून भागलं.
म्हटलं, उजाडलंय, मला जाऊ दे.
साडेसातला नळ जातो, दगड तसेच पडलेत.
तिनं बाही धरली. शाईचे हात.
सांगितल्याशिवाय सोडणार नाही.
मी म्हटलं, नाव कशाला विचारतेस?

ती हसली, आणि हसता हसता थांबली.
म्हणाली, तोही हेच म्हणाला होता.
कोण ते मी विचारलं नाही.
बाही सुटली, मी नळाकडे गेलो.

निळ्याचा दगड मी तीन वेळा घासला.
आता त्यावर कुणा मुलाची सायकल आहे,
बरी आहे.
फक्त ओला स्पंज फिरवला की
चाकाच्या खाली, बोटभर जागेत,
पाणी थांबत नाही.