शिंगं

जिंतूरला जनावरांच्या दवाखान्यात
तीस वर्षं ड्रेसर होतो.
निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं.
चिमटा मी तसाच खिशात घालून आणला.

आता ऊन कोवळं आहे तोवर
परसात लिंबोणीखाली स्टूल टाकतो.
पानांवर नागअळीची रुपेरी वळणं,
तलाठ्यानं घाईत मारलेल्या सहीसारखी.
ती पानं खुडायची, चुलीत घालायची.
शेंड्याला मावा,
त्याला कुटलेल्या निंबोळ्यांचं पाणी, धोतराच्या फडक्यातून गाळून.
खोडाला भोक, भोकाखाली भुसा,
तिथं सायकलची तार आत सारायची,
मग रॉकेलचा बोळा, वरून चिखल.
तार फिरवताना बुंध्याला अजून म्हणतो,
"हो, हो राजा, झालंच आता."

उरल्या फुलपाखराच्या अळ्या.
लहान असताना चिमणीची शीट वाटावी अशा,
मोठ्या झाल्या की पानाहून हिरव्या.
चिमटा, साबणाचं पाणी, टप्.
सोमवारी सतरा. मंगळवारी अकरा.
लाईटबिलाच्या पाठीवर मांडून ठेवतो.

बुधवारी एकीला नुसता चिमटा लागला
तर तिनं मान मागं टाकली
आणि डोक्यातून दोन शिंगं काढली.
केशरी, ओली,
भाताच्या शितासारखी मऊ.
कुजक्या लिंबाचा वास सुटला.
मला मारायला निघाली होती ती!

किती कालवडींची शिंगं जाळली या हातांनी,
फुटायच्या आधीच.
कॉस्टिकची कांडी फिरवायची, भोवती व्हॅसलीन,
मालक पाय धरून बसलेला, वासरू डोळे पांढरे करून.
त्यातल्या एकीनंही
अशी काढून दाखवली नव्हती.

चिमटा सैल झाला.
हाजराबीचा कढीपत्ता भिंतीवरून आत झुकलेला,
या जातीला तोही चालतो, मला ठाऊक होतं.
इकडं तिकडं बघितलं.
ठेवली.
गुरुवारी सहा ठेवल्या.
शुक्रवारपासून मांडायचं सोडलं.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून आवाज,
"ओ ड्रेसरसाब, कढीपत्त्याला काय झालं की,
निस्त्या काड्या राहिल्या!"
म्हणालो, हवाच खराब आहे यंदा.
निंबोळीचं पाणी उरलंय थोडं, देऊ का?
"द्या की, दुवा लागंल."

एवढीशी बाटली,
पण भरायला लई वेळ लागायला मला.