भूपेश, सीताबर्डीला जातोस म्हणून

उद्या सकाळच्या एसटीने तू नागपूरला निघालास,
खिशात आठ हजार दोनशे,
चक्कीवरच्या नोटांना अजून पिठाचा वास.
म्हणून हे लिहून देतो.
वाच, नाहीतर यात चिवडा बांधून ने.

डब्यावर विमान असेल.
डब्यात नसेल.
आत एक काळं यंत्र, दोन दांड्या,
आगपेटीहून लहान रिसीव्हर
आणि मुंगीच्या अक्षरांचा कागद.
सेल नाहीत, चार्जर नाही.
माझा पहिला सेट आला तेव्हा
आईनं डबा उलटा करून झटकला होता,
"बाकीचं कुठी राह्यलं बे?"
तेव्हा सेटवर साडेचार हजारच घाल.
उरलेले बॅटरी न् चार्जर खातील,
आणि तरी ते उपाशीच राहतील.

चॅनेल किती, विचारेल दुकानदार.
तुझ्या थर्माकोलच्या विमानाला चार पुरतात.
तो दहा दाखवेल, बटणं मोजून दाखवेल.
तू सहाचा घे.
दोन रिकामे असू दे,
ओसरीवर जास्तीची एक खाट असते तसे.

मोड मात्र विचार. न विसरता विचार.
गॅसची दांडी डाव्या हाताला असलेलाच घे.
मी न विचारता आणला, उजव्या हाताचा निघाला.
सगळ्या पंचक्रोशीत उडवणारा दुसरा एकच,
जिनिंगमधला फिटर, सूर्यभान भोयर,
त्याचा डावा.
सात वर्षं सोयाबीन निघालेल्या एकाच वावरात
आम्ही शेजारी उभे राहिलो,
आणि एकदाही
एकमेकांचं विमान एकमेकांच्या हाती देता आलं नाही.
त्याचे हात कापायला लागले त्या वर्षीसुद्धा.
"घे नं," म्हणायचा,
मी घ्यायचो नाही.

घरी आलास की आधी हातातला चालू कर,
मग विमानातला.
बंद करताना उलट.
यात घाई केलीस तर पंखा बोट मागतो.
मग हेमराजला विमान धरायला लाव
आणि तू तीस पावलं मागे जा, धुऱ्यापर्यंत.
तिथून शेपटी हलली तर ठीक.
नाही हलली तर त्या दिवशी उडवू नकोस,
कितीही पोट्टे जमलेले असोत.
जमतीलच. कुणीतरी विचारेलच,
"फवारनी करते का हे?"
नाही म्हण.
"मंग कायले घेतलं?"
याचं उत्तर मलाही अजून देता आलेलं नाही.

दूर जाताना डावं ते डावंच असतं.
वळून तुझ्याकडे यायला लागलं
की डावं उजवं होतं.
सगळ्यांची पहिली विमानं
परत येतानाच पडतात, भूपेश.
जो पंख खाली झुकेल
त्याच बाजूला दांडी ढकल,
कलत्या मांडवाला टेकू द्यावा तशी.

आणि एक, जे कागदाच्या मागच्या बाजूला असतं:
तुझं सांगणं पोचेनासं झालं
तर विमानानं काय करायचं,
हे जमिनीवर असतानाच सांगून ठेवावं लागतं.
मोटार बंद. एवढंच.
मी नव्हतं सांगितलं.
पाऊण गॅसवर ते वणेच्या पल्याड गेलं,
आवाज डासाएवढा होईस्तोवर,
आणि मी दांडी ओढतच राहिलो,
जशी काही दोरी बांधलेली होती.
फेब्रुवारीत तूर निघाल्यावर सापडलं.
पंखात उंदरीण व्यालेली.
तसंच ठेवून आलो.

सूर्यभानचा सेट त्याच्या मुलीनं,
निर्मळानं, मला आणून दिला गेल्या पोळ्याला.
रोज संध्याकाळी विमानाशिवाय हातात धरतो.
डाव्या अंगठ्याला हळूहळू समजायला लागलंय.
म्हणून म्हणतो, डावा घे.
एखाद्या दिवशी वाऱ्यात तुला जमेनासं झालं
आणि तू "घ्या नं काका" म्हणालास,
तर.

बिल पक्कं माग. परतीची शेवटची गाडी सव्वासहाला.
डबा मांडीवर ठेव, वर टाकू नकोस.