कान

बंदुकीला कान असतो.
नळीच्या बुडाशी, उजव्या अंगाला,
दाभणाच्या टोकाएवढा.
बाहेर रंजक पेटते, ठिणगी या कानात काही सांगते
आणि आतली दारू ऐकते.
एवढंच. बाकी लाकूड.

हे मला बापाने शिकवलं, जुनिएटा नदीच्या काठी,
मी नऊ वर्षांची असताना.
त्याचा स्वतःचा उजवा कान तेव्हाच गेला होता,
दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक गालाला लावून लावून.
डावा अर्धामुर्धा उरला.
म्हणून गिऱ्हाइकाची तक्रार
मी ओरडून पोचवायची.

झेबुलन क्रेग आला तो पानगळ सरता सरता.
"पाच हरणं गेली. गोळी खाली पडते,
कधी वीतभर, कधी हातभर.
हिचा काही नेम नाही."
दोन वर्षं उपाय चालले होते.
दारू बदलली. लँकेस्टरहून चष्मा आणवला.
कानशीने घासघासून माशी निम्मी केली.
एक कुत्रा विकला,
ज्याचा यात काडीचा दोष नव्हता.

"पाच हरणं!" मी डाव्या कानात.
"डोळे गेले म्हणतो!"

बापाने डोळ्यांकडे पाहिलंच नाही.
हंसाच्या पिसाची काडी कानात घातली;
ती सैल डुलली.
मग तार. मग दाराच्या चौकटीतला खिळा.
तोही गेला.

"तुझ्या उजवीला कोण उभं असतं?"
"भाऊ. म्हणजे, असायचा," क्रेग म्हणाला.
"बाही करपली तेव्हापासून डावीकडे असतो."

आज्यापासूनची बंदूक. किती बार झाले, कोण मोजतं?
कान मोजतो.
दर बाराला आगीची जीभ बाहेर येते,
लोखंड चाटून जाते, केसाच्या शंभराव्या भागाएवढं.
भोक रुंदावतं, आणि गोळीच्या पाठीशी लागायचा जोर
आडवाटेने निसटतो,
आज इतका, उद्या तितका.
ठासताना दारूचे दाणे आपणहून पेल्यात सांडायचे.
क्रेगला वाटायचं, वा, काम वाचलं.

बापाने कान मोठा केला, म्हणजे आणखी बिघडवला.
आटे पाडले, मऊ लोखंडाचं बूच पिळून बसवलं,
त्याच्या मधोमध नवं बारीक भोक.
सकाळची दुपार झाली.
मी गिरमिट फिरवत होते. कोणी बोलत नव्हतं.

मागच्या कुरणात फळी लावली.
तीन बार. तिन्ही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील
इतक्या जवळ,
आणि खुणेच्या वीतभर वर.

क्रेग फळीकडे बघत राहिला.
बाप हसला, स्वतःला ऐकू न येणारं ते मोठं हसू.
बंदूक सुधारली होती.
घासलेली माशी अजून जुन्या आजारातच होती.

मला बोलायचं कारण नाही.
प्रार्थनेत मी कुजबुजते
तर शेवटच्या बाकावरची
श्रीमती डाइट्रिक वळून बघते.
घरी आई म्हणते, ओटिलिया, आम्हाला ऐकू येतं गं.

चांदीच्या जुन्या नाण्याचा तुकडा कापून
नवी माशी झाळली, होती तेवढी उंच.
वहीत मी लिहिलं:
क्रेग. एक कान, एक माशी.
अर्धा डॉलर जमा. हरणाची मांडी येणे.

जाताना त्याने विचारलं, चष्म्याचं काय करू?
मी बापाच्या कानात ओरडले.
"असू दे," बाप म्हणाला. "त्याने कुत्रा शोध."